ग्राहकाचे गुन्ह्यापासून संरक्षण : व्यावसायिकाची कायदेशीर जबाबदारी आणि ती पार पाडण्याची रीत

दुकानाच्या वाहनतळावर ग्राहकाला लुटले जाते, हॉटेलच्या खोलीत अनोळखी माणूस शिरतो किंवा उपाहारगृहातील बाचाबाची हाणामारीवर जाते, तेव्हा गुन्हा करणारा तिसराच कोणीतरी असतो. तरीही जखमी ग्राहक किंवा त्याचे कुटुंबीय अनेकदा त्या जागेच्या मालकाकडे नुकसानभरपाई मागतात आणि न्यायालये ती काही वेळा मंजूरही करतात. दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्यासाठी आपण का जबाबदार, हा मालकाचा प्रश्न स्वाभाविक आहे. जबाबदारीचा पाया काय आहे आणि ती पार पाडण्यासाठी कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, हे या लेखात सांगितले आहे. देशोदेशींचे कायदे वेगळे असल्यामुळे अंतिम निर्णय स्थानिक वकिलाच्या सल्ल्यानेच घ्यावा. मात्र इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत येथील कायद्यांचे मूळ बऱ्याच अंशी समान आहे आणि त्यांच्या निकालांतून हाती येणारी दृष्टी कोणत्याही ठिकाणच्या व्यावसायिकाला उपयोगी पडणारी आहे.

जबाबदारी कोठे सुरू होते

एका माणसाने केलेल्या गुन्ह्याबद्दल दुसऱ्याला भरपाई द्यावी लागत नाही, हा मूळ नियम आहे. या नियमाला अपवाद होतो तो दोन पक्षांत विशेष नाते असेल तेव्हा. जो आपल्या फायद्यासाठी लोकांना आपल्या जागेत बोलावतो, त्या जागेचे दरवाजे, दिवे, कुलुपे आणि नोकर ज्याच्या ताब्यात असतात, त्याचे येणाऱ्याशी असे नाते तयार होते. अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या कायदेतज्ज्ञांच्या संस्थेने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अपकृत्यविषयक (म्हणजे ज्याबद्दल दिवाणी भरपाई मागता येते अशा हानिकारक कृत्यांविषयीच्या) तत्त्वसंहितेच्या ३४४व्या कलमात हे स्पष्ट मांडले आहे. व्यवसायासाठी जागा लोकांना खुली करणाऱ्याने तिसऱ्या व्यक्तीची घातक कृत्ये घडत आहेत किंवा घडण्याचा संभव आहे हे ओळखण्याची वाजवी काळजी घ्यावी आणि ग्राहकाला सावध करावे किंवा त्याचे अन्य मार्गाने रक्षण करावे, असा त्याचा आशय आहे. त्याच कलमावरील भाष्यात हेही म्हटले आहे की मालक हा ग्राहकाच्या सुरक्षिततेचा हमीदार नव्हे.

दावा टिकण्यासाठी साधारणपणे चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : मालकावर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने पाळले नाही, त्या चुकीमुळेच हानी झाली आणि हानी प्रत्यक्षात झाली. पहिल्याच पायरीवर देशोदेशी फरक पडतो. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयासमोर २००० साली आलेल्या एका प्रकरणात खरेदी संकुलाच्या वाहनतळावरील दिवे रात्री दहाला बंद होत असत. दिव्यांविषयी आधी सांगूनही बदल झाला नव्हता. दुकान बंद करून निघालेल्या कर्मचाऱ्यावर त्या अंधारात तिघांनी हल्ला केला. तरीही अनोळखी गुन्हेगारांच्या कृत्यापासून रक्षण करण्याचे कर्तव्य संकुलाच्या मालकावर नाही, असे न्यायालयाने ठरवले. अशीच वस्तुस्थिती दुसऱ्या एखाद्या देशात मालकाच्या विरोधात जाऊ शकते. म्हणून वकिलाला विचारण्याचा पहिला प्रश्न असा असावा : आमच्या येथे हे कर्तव्य कोणत्या परिस्थितीत निर्माण होते, आणि ते न्यायालयाच्या निकालांतून आले आहे की लिखित कायद्यातून?

लिखित कायद्याची कर्तव्ये वेगळी तपासावी लागतात, कारण तेथे गुन्हा होण्याची वाट न पाहताही कारवाई होऊ शकते. ब्रिटनमध्ये मँचेस्टर येथील २०१७ च्या बॉम्बहल्ल्यात २२ जणांचा जीव गेल्यानंतर जो पाठपुरावा झाला, त्यातून एप्रिल २०२५ मध्ये ‘मार्टिन्स लॉ’ म्हणून ओळखला जाणारा कायदा मंजूर झाला. २०० किंवा अधिक लोक एकाच वेळी असू शकतील अशा जागांना हल्ल्याच्या प्रसंगी काय करायचे याची कार्यपद्धती ठरवावी लागणार आहे आणि ८०० किंवा अधिक लोकांच्या जागांवर अधिक कडक बंधने येणार आहेत. तयारीसाठी किमान दोन वर्षांचा अवधी दिलेला आहे.

आपल्याला काय माहीत होते, हाच कळीचा प्रश्न

या विषयावरील बहुतेक निकाल वाचले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. न्यायालय मालकाला गुन्हा का घडला असे विचारत नाही. तो घडू शकतो हे तुम्हाला ठाऊक होते का, वाजवी लक्ष दिले असते तर ठाऊक झाले असते का, आणि ठाऊक झाल्यावर तुम्ही काय केलेत, असे विचारते. गुन्ह्याची पूर्वकल्पना मोजण्याच्या कसोट्या मात्र निरनिराळ्या आहेत. सर्वांत अरुंद कसोटीनुसार विशिष्ट व्यक्तीकडून नजीकचा धोका दिसत असेल तरच कर्तव्य निर्माण होते. दुसरी कसोटी त्याच जागी पूर्वी घडलेल्या सारख्या गुन्ह्यांकडे पाहते. तिसरी सर्व परिस्थिती एकत्र तोलते, म्हणजे परिसरातील गुन्हेगारी, व्यवसायाचे स्वरूप, जागेची रचना, वेळ आणि किरकोळ घटनाही. चौथी कसोटी धोक्याची शक्यता आणि उपायाचा भार यांचा तोल पाहते.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली, रुग्णालयाच्या वाहनतळावर एका डॉक्टरवर झालेल्या गोळीबाराच्या प्रकरणात, सर्व परिस्थिती पाहण्याची व्यापक कसोटी स्वीकारली. त्याच न्यायालयाने १९९३ साली, खरेदी संकुलातील एका कर्मचारी महिलेवरील अत्याचाराच्या प्रकरणात, सुरक्षारक्षक नेमण्याचा भार मोठा असल्याने त्यासाठी पूर्वकल्पनाही तितकीच ठोस हवी आणि सारख्या पूर्वघटनांशिवाय ती क्वचितच सिद्ध होईल, असे म्हटले. लुईझियाना या अमेरिकी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली तोल पाहण्याची कसोटी लावली. एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर ग्राहक महिलेचे दागिने लुटले गेले होते. मात्र मागील अनेक वर्षांत त्या आवारात असे गंभीर गुन्हे मोजकेच झाले असल्याने रक्षक ठेवण्याचे कर्तव्य मालकावर नव्हते, असा निकाल लागला.

या निकालांतून व्यावसायिकाने घ्यायचा अर्थ व्यवहारी आहे. आपल्या येथे कोणती कसोटी लागू होते याची खात्री नसेल, तर सर्वांत व्यापक कसोटी गृहीत धरून माहिती गोळा करावी आणि उपाय मात्र प्रमाणशीर ठेवावेत.

माहिती गोळा करण्याचे साधन म्हणजे घटनांची नोंदवही. ती कागदी असो वा संगणकावर, तिच्यात प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, नेमकी जागा, काय घडले, कोणी पाहिले, पोलिसांना कळवले असल्यास त्याचा संदर्भ आणि तातडीने केलेली कृती लिहावी. केवळ चोरी आणि मारहाण लिहून भागत नाही. ग्राहक महिलेचा पाठलाग, मद्यधुंद माणसाला बाहेर काढावे लागणे, वाहनाची काच फुटणे, मागच्या दाराचे कुलूप तोडण्याचा प्रयत्न, नोकराला मिळालेली धमकी, एकाच कोपऱ्याबद्दल वारंवार येणारी तक्रार, हे सर्व तेथे असले पाहिजे. गंभीर गुन्ह्याआधी अशा लहान घटनांची रांग लागलेली असते आणि ती रांग दिसण्यासाठी कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. शेवटचा रकाना मी सर्वांत महत्त्वाचा मानतो : ‘या घटनेनंतर काय बदलले’. त्यात ‘तपासले, बदलाची गरज आढळली नाही, कारण अमुक’ असे लिहिलेले असले तरी चालेल. तो मोकळा राहता कामा नये.

अशी वही म्हणजे आपल्याच विरुद्धचा पुरावा, म्हणून ती ठेवूच नये, असा सल्ला काही जण देतात. मला तो चुकीचा आणि ग्राहकाच्या दृष्टीने क्रूर वाटतो. आधीच्या घटना पोलिसांच्या नोंदींतून, जुन्या नोकरांच्या साक्षींतून आणि ग्राहकांच्या तक्रारींतून तशाही समोर येतात. वही नसेल तर मालकाने केलेली चांगली कामे तेवढी सिद्ध करता येत नाहीत. खरा धोका नोंद करून हातावर हात ठेवून बसण्यात आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे कृती करणे. नोंदीत घटना लिहाव्यात, दोष कोणाचा यावरील तर्क लिहू नयेत. शिवाय ठरावीक काळाने पोलीस ठाण्यात जाऊन परिसरातील गुन्ह्यांची माहिती विचारावी आणि ती भेटही वहीत नोंदवावी.

परिस्थिती बिघडत असताना सुरक्षा कमी करणे तर फारच अडचणीचे ठरते. वॉशिंग्टन येथील एका मोठ्या निवासी इमारतीचा खटला याबाबत प्रसिद्ध आहे. १९५९ साली एक महिला तेथे भाड्याने राहायला आली तेव्हा दारावर दिवसरात्र माणूस असे. पुढे गुन्हे वाढत गेले आणि पहारा मात्र कमी होत गेला. १९६६ साली इमारतीच्या मार्गिकेत तिच्यावर हल्ला झाला. १९७० च्या निकालात अपील न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले आणि ती राहायला आली तेव्हा होती त्या पातळीची सुरक्षा हे परिमाण मानले. हा खटला घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला असला तरी खर्चकपातीचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने तो लक्षात ठेवावा. रक्षक कमी करायचाच असेल, तर मागील घटना पाहून, त्या जागी कोणता पर्याय ठेवला ते लिहून मगच करावा.

जागेची पाहणी : अंधार पडल्यानंतर

सुरक्षेची पाहणी दिवसा करून फारसा उपयोग नाही. दुकान बंद होण्याच्या वेळी, ग्राहक ज्या वाटेने येतो आणि जातो त्या वाटेने मालकाने स्वतः चालावे, सोबत रात्रपाळीचा एक कर्मचारी घ्यावा आणि त्याला कोठे भीती वाटते ते विचारावे. वाहनतळापासून दारापर्यंत, दारापासून काउंटरपर्यंत, तेथून स्वच्छतागृहापर्यंत आणि परत, अशी ही फेरी असावी.

प्रकाश किती असावा याला काही ठिकाणी कायद्याने आकडा दिलेला आहे. फ्लोरिडा राज्याने २०२३ साली बहुकुटुंबीय निवासी संकुलांसाठी केलेल्या तरतुदीत काही उपाय केलेल्या मालकाच्या बाजूने कायदेशीर अनुमान ठेवले आहे, म्हणजे तो जबाबदार नाही असे सुरुवातीला गृहीत धरले जाते. त्या उपायांत येण्याजाण्याच्या ठिकाणी कॅमेरे आणि किमान ३० दिवस मिळू शकेल असे चित्रण, वाहनतळावर जमिनीपासून १८ इंच उंचीवर सरासरी १.८ फूट-कँडल म्हणजे सुमारे १९ लक्स प्रकाश, दाराला किमान एक इंचाचा आडणा असलेले कुलूप, खिडक्यांना कड्या, दारात बाहेरचा माणूस दिसणारे भिंग, गुन्हे रोखण्याच्या दृष्टीने परिसररचनेचे तज्ज्ञाकडून मूल्यमापन आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा समावेश आहे. हा कायदा दुकानांसाठी नाही, पण विधिमंडळाला वाजवी काळजी म्हणजे काय वाटते याचे इतके सुस्पष्ट लेखी वर्णन क्वचित मिळते, म्हणून कोणत्याही व्यावसायिकाला तपासणीची यादी बनवताना ते उपयोगी आहे. प्रकाशाच्या बाबतीत सरासरीइतकाच समानपणाही महत्त्वाचा असतो. एक प्रखर दिवा आणि त्याच्याशेजारी गडद सावली, या रचनेत डोळ्यांना सावलीतला माणूस दिसतच नाही.

त्यानंतर नजरेची वाट तपासावी. काचेवर चिकटवलेल्या जाहिराती, उंच फडताळे आणि वाढलेली झुडपे यांमुळे आतून बाहेरचे आणि बाहेरून आतले दिसेनासे होते. झुडपे गुडघ्याच्या थोडी वर एवढीच ठेवावीत आणि झाडांच्या खालच्या फांद्या माणसाच्या उंचीच्या वर छाटाव्यात. गल्ला बाहेरून दिसावा, म्हणजे तेथे काय चालले आहे हे रस्त्यावरच्या माणसालाही कळते. रोकड मात्र दिसू नये. ती वेळोवेळी, कर्मचाऱ्याला उघडता न येणाऱ्या तिजोरीत टाकावी.

कुलुपांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. १९७४ साली न्यूयॉर्कजवळच्या एका मोटेलमध्ये उतरलेल्या प्रसिद्ध गायिकेच्या खोलीत सरकत्या काचदारातून माणूस शिरला आणि त्याने तिच्यावर अत्याचार केला. ते दार आतून लावलेले असूनही बाहेरून सहज उघडत होते. १९७६ साली ज्यूरीने तिला २५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. पुढे अमेरिकेतील हॉटेल व्यवसायाने खोल्यांच्या कुलुपांकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली, त्यात या खटल्याचा मोठा वाटा मानला जातो. प्रत्येक कुलूप बाहेरून उघडण्याचा प्रयत्न स्वतः करून पाहावा, मास्टर चावी कोणाकडे आहे याची सही घेऊन नोंद ठेवावी, आणि नोकरी सोडलेल्या माणसाकडे चावी किंवा सांकेतिक क्रमांक राहिला असेल तर त्याच दिवशी बदलावा.

उपायांचा क्रम : कमी भाराचे आधी

पाहणीनंतर हाती मोठी यादी येते आणि सगळे एकदम करता येत नाही. कायद्यालाही ते अपेक्षित नाही. धोका जितका ठळक आणि उपाय जितका सोपा, तितकी तो न केल्याची जबाबदारी जड होते. फ्यूज झालेला दिवा बदलणे, दार दुरुस्त करणे, ग्राहकाला सावध करणे, पोलिसांना फोन करणे, यांसाठी मालकाजवळ सबब उरत नाही.

कॅलिफोर्नियातील २००५ चे दोन निकाल हे चांगले दाखवतात. एका मद्यालयात ग्राहक आणि एक टोळके यांच्यात तणाव वाढत असल्याचे तेथील रक्षकाला कळले होते. न्यायालयाच्या मते आणखी रक्षक नेमण्याचे बंधन नसले तरी दोन्ही बाजूंना दूर ठेवण्याचा प्रयत्न करण्यासारखी सोपी पावले उचलण्याचे कर्तव्य होते. दुसऱ्या प्रकरणात उपाहारगृहाच्या वाहनतळावर हाणामारी सुरू होती, हल्लेखोर आत येऊन स्वयंपाकघरातील सुरी घेऊन गेला आणि कर्मचारी ते पाहत असूनही कोणी पोलिसांना बोलावले नाही. निदान एक फोन करणे हे मालकाचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने मानले.

म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याला, तो पहिल्या दिवशीचा असो वा अर्धवेळ, एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितलेली असावी : हाणामारी, शस्त्र, पाठलाग किंवा धमकी दिसली की व्यवस्थापकाची परवानगी न विचारता आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा, आणि तो फोन निष्कारण ठरला तरी कोणी रागावणार नाही. ही परवानगी लेखी द्यावी. जेथे ‘आधी साहेबांना विचारा’ अशी रीत आहे, तेथे मोलाची मिनिटे त्यातच जातात. कर्मचाऱ्याने गुन्हेगाराशी झटापट करावी, अशी अपेक्षा कायदा सहसा ठेवत नाही आणि मालकानेही ठेवू नये. लुटीच्या वेळी पैसे देऊन टाकावेत, ग्राहकांना दूर न्यावे आणि चेहरा, कपडे, वाहन लक्षात ठेवावे, इतकेच प्रशिक्षण पुरेसे आहे, पण ते दर काही महिन्यांनी पुन्हा द्यावे लागते.

उलट बाजूही समजून घ्यावी. सिडनीतील एका उपाहारगृहात नववर्षाच्या पूर्वरात्री भांडण झाले, त्यातील एक माणूस बाहेर जाऊन पिस्तूल घेऊन परतला आणि त्याने दोघांना जखमी केले. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००९ साली मालकावर काळजीचे कर्तव्य होते हे मान्य केले, परंतु अधिक रक्षक असते तर तो सशस्त्र माणूस थांबलाच असता असे सिद्ध होत नाही, म्हणून दावे फेटाळले. उपाय निवडताना हाच प्रश्न स्वतःला विचारावा : नोंदवहीतील घटना या उपायाने खरोखर थांबल्या असत्या का? दारावर रक्षक उभा केला आणि चोऱ्या मागच्या वाहनतळावर होत असतील, तर खर्च होतो आणि ग्राहकाला काहीच मिळत नाही.

माणसे : रक्षक आणि आपले स्वतःचे कर्मचारी

सुरक्षारक्षकांचे काम बाहेरच्या संस्थेला दिले म्हणजे जबाबदारी संपली, अशी समजूत सर्वत्र आढळते. ग्राहकाच्या दृष्टीने जागा तुमची असते आणि अनेक ठिकाणची न्यायालयेही तसेच पाहतात. करारात रक्षकांनी कोठे उभे राहायचे, किती वेळाने फेरी मारायची, काय नोंदवायचे आणि कोणत्या प्रसंगी पोलिसांना बोलवायचे हे लिहिलेले असावे, आणि ते घडते की नाही हे मालकाने अधूनमधून न कळवता तपासावे. संस्थेचा परवाना तपासावा. भारतात २००५ च्या खासगी सुरक्षा संस्थांविषयीच्या कायद्यानुसार परवान्याशिवाय अशी संस्था चालवता येत नाही आणि रक्षकाच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी व प्रशिक्षण आवश्यक आहे. अनेक देशांत अशाच स्वरूपाचे नियम आहेत.

ग्राहकावर हल्ला करणारा आपलाच कर्मचारी असेल तर जबाबदारी अधिकच जवळची होते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एका सुपरमार्केट कंपनीला तिच्या पेट्रोल पंपावरील कर्मचाऱ्याने ग्राहकाला केलेल्या मारहाणीबद्दल जबाबदार धरले. ग्राहकाने साधी विचारपूस केली होती, कर्मचाऱ्याने शिवीगाळ केली आणि त्याच्या मागे बाहेर जाऊन त्याला मारले. कामावर घेताना चौकशी करणे, तक्रारी आल्यावर त्या दाबून न ठेवणे आणि ज्याच्याबद्दल गंभीर तक्रार आहे त्याला ग्राहकांच्या खोल्यांच्या चाव्या हाताळू न देणे, ही किमान दक्षता आहे.

कॅमेरे, पाट्या आणि दिलेली आश्वासने

कॅमेरा गुन्हा थांबवत नाही, फार तर गुन्हेगाराला धाक दाखवतो आणि पुढे त्याला शोधायला मदत करतो. तो बसवण्याआधी त्याचे चित्र कोणी सतत पाहणार आहे का, हे ठरवावे. कोणी पाहत नसेल तर ‘चोवीस तास निगराणी’ अशी पाटी लावू नये, कारण त्या पाटीवर विसंबून ग्राहक निर्धास्त होतो आणि ती पुढे मालकाच्या विरोधात वाचली जाते. दिखाऊ कॅमेऱ्यांबाबतही हेच. जाहिरातीत, संकेतस्थळावर किंवा तोंडी दिलेले ‘सुरक्षित वाहनतळ’ सारखे प्रत्येक आश्वासन पाळता येते का, हे वर्षातून एकदा तपासावे. कपडे बदलण्याच्या खोल्या आणि स्वच्छतागृहे येथे कॅमेरा कोणत्याही सबबीखाली लावू नये. उलट तेथे कोणी छुपा कॅमेरा लावलेला नाही, याची नियमित तपासणी हा ग्राहकाच्या संरक्षणाचाच भाग आहे.

‘वाहने व मौल्यवान वस्तू ज्याच्या त्याच्या जोखमीवर’ अशी पाटी लावली की आपण मोकळे झालो, असे मानू नये. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यात दिलेली मोटार १९९८ साली चोरीला गेली. पावतीवर जोखीम वाहनमालकाची असल्याचे छापलेले होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरवले की किल्ली आणि वाहन ताब्यात घेतल्यानंतर झालेल्या चोरीबाबत हॉटेलचा निष्काळजीपणा प्रथमदर्शनी गृहीत धरला जाईल, काळजी घेतल्याचे दाखवण्याचा भार हॉटेलवर राहील आणि स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणातून अशा छापील अटीमुळे सुटका होणार नाही. बँकांच्या लॉकरबाबतही त्याच न्यायालयाने २०२१ साली बँकांना हात झटकता येणार नाहीत असे बजावले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी काढलेल्या निर्देशांनुसार चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीमुळे लॉकरमधील ऐवज गेल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट ठरते आणि लॉकर कक्षाच्या येण्याजाण्याचे चित्रण किमान १८० दिवस जपावे लागते. याउलट २०२३ साली, प्रवाशाने कमरेला बांधलेली रोकड रेल्वे प्रवासात चोरीला गेली तेव्हा, स्वतःजवळ ठेवलेल्या वस्तूसाठी रेल्वे जबाबदार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. वस्तू कोणाच्या ताब्यात होती, यावर बरेच काही अवलंबून असते, म्हणून वस्तू स्वीकारण्याची पद्धत, पावती आणि किल्ल्यांचा फलक यांवर विशेष लक्ष द्यावे.

घटना घडल्यानंतरचे पहिले काही तास

सर्वप्रथम जखमी माणूस. वैद्यकीय मदत बोलवावी, त्याला एकटे सोडू नये, त्याच्या इच्छेनुसार घरच्यांना कळवावे आणि पोलीस येईपर्यंत जागा जशीच्या तशी ठेवावी. ‘प्रकरण वाढवू नका’ असे सांगून तक्रारीपासून परावृत्त करणे हे माणुसकीच्या आणि कायद्याच्या, दोन्ही दृष्टींनी अक्षम्य आहे. लैंगिक अत्याचाराच्या घटनेत पीडितेचे नाव कोठेही उघड होऊ देऊ नये. भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमाखाली असे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. कर्मचाऱ्यांच्या गटसंदेशांतूनही नावे फिरतात, त्यामुळे सूचना तत्काळ द्यावी.

त्यानंतर पुरावे. बहुतेक कॅमेरा यंत्रणा ठरावीक दिवसांनी जुने चित्रण पुसून त्यावर नवे घेतात. म्हणून घटनेच्या आधीचे आणि नंतरचे काही तास धरून, सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण त्याच दिवशी वेगळे काढून ठेवावे, ते कोणी, केव्हा, कोणत्या यंत्रातून काढले हे लिहावे आणि मूळ यंत्रालाही हात लावू देऊ नये. भारतात अशा नोंदी न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या ६३व्या कलमाखालील प्रमाणपत्र लागते, त्यामुळे चित्रण काढतानाच जाणकाराची मदत घ्यावी. आपल्याला प्रतिकूल दिसणारे चित्रणही जपावे लागते. ते नाहीसे झाले तर अनेक ठिकाणी न्यायालय मालकाविरुद्ध निष्कर्ष काढू शकते. साक्षीदारांची नावे व संपर्क, त्या पाळीतील हजेरी, दिव्यांच्या आणि कुलुपांच्या दुरुस्तीच्या नोंदी, रक्षकाची फेरीवही, हे सर्व एका जागी ठेवावे. त्या रात्री बंद असलेला दिवा दुसऱ्या दिवशी जरूर दुरुस्त करावा, मात्र आधी त्याचे छायाचित्र घ्यावे. विमा कंपनीला आणि वकिलाला मुदतीत कळवावे आणि माध्यमांशी बोलण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे.

भाडेकरार आणि विमा

वाहनतळ, जिने, स्वच्छतागृहे आणि मार्गिका अनेकांच्या सामाईक असतील, तर तेथील दिवे, पहारा आणि कॅमेरे कोणाच्या ताब्यात आहेत हे भाडेकरारात लिहून घ्यावे, कारण जबाबदारी साधारणपणे ताब्यामागे जाते. आपल्या ताब्याबाहेरच्या जागेत धोका दिसला तर तो संकुलाच्या मालकाला लेखी कळवावा, स्मरणपत्र द्यावे आणि दरम्यानच्या काळात ग्राहकांना सावध करावे किंवा त्यांना वाहनापर्यंत सोबत द्यावी.

विम्याच्या बाबतीत एकच गोष्ट वाचायची आहे, पण ती आजच वाचावी. व्यवसायाच्या सर्वसाधारण दायित्व विम्यात मारहाण आणि हल्ल्यातून उद्भवणारे दावे वगळणारे कलम पुष्कळदा असते, विशेषतः मद्य पुरवणाऱ्या किंवा रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या व्यवसायांच्या पॉलिसीत. ते कलम असेल तर हे संरक्षण वेगळे घेता येते का, त्याची मर्यादा किती आणि वकिलाचा खर्च त्या मर्यादेतच धरला जातो का, हे प्रतिनिधीकडून लेखी घ्यावे. कंपनीने संरक्षण देताना कॅमेरे, रक्षक किंवा कुलुपांविषयी अटी घातल्या असतील तर त्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर उतरवाव्यात, आणि व्यवसाय दुसऱ्याच्या हाती देताना चाव्यांच्या जुडग्याबरोबर ती वहीही नव्या मालकाच्या स्वाधीन करावी.